घरी राहणाऱ्या वृद्धांची निगा : खर्चाचा भार कोणावर?

भारतातील वार्धक्याविषयीची चर्चा बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरते. निवृत्तिवेतन किती मिळते हा एक आणि औषधोपचाराची सोय काय हा दुसरा. या दोहोंच्या मधे एक तिसरा खर्च दडलेला असतो आणि त्याला अर्थसंकल्पात स्वतंत्र शीर्ष नाही. आंघोळ घालणे, कपडे बदलणे, शौचास नेणे, घास भरवणे, अंथरुणात कूस बदलून देणे, रात्री जागे राहणे ही ती कामे होत. ही कामे उपचार नव्हेत, म्हणून आरोग्य विमा त्यांचे पैसे देत नाही. ती उदरनिर्वाहाची साधनेही नव्हेत, म्हणून निवृत्तिवेतनाची रक्कम ठरविताना त्यांचा हिशेब होत नाही. अर्थशास्त्रात या सेवांना 'दीर्घकालीन निगा' असे म्हणतात. ती रुग्णालयात वा वृद्धाश्रमात न घेता स्वतःच्या घरी घेतली जाते तेव्हा तिचा खर्च प्रत्यक्षात कोण उचलतो, याचा विचार प्रस्तुत लेखात गाझियाबाद शहराच्या संदर्भात केला आहे.

गाझियाबादची निवड सहेतुक आहे. १९७६ मध्ये मेरठपासून वेगळा होऊन जिल्हा झालेले हे शहर राष्ट्रीय राजधानी क्षेत्राचा भाग आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे १६.५ लाख होती. हिंडन नदीच्या दिल्लीकडील बाजूस इंदिरापुरम, वैशाली, कौशांबी, वसुंधरा या वसाहती आहेत. दिल्लीत नोकरी करून निवृत्त झालेल्या अनेकांनी येथे सदनिका घेतल्या. साहिबाबादचा औद्योगिक पट्टा याच बाजूस आहे आणि तेथे लहानमोठ्या कारखान्यांत आयुष्य घालविलेला कामगार राहतो. इंदिरापुरमला लागूनच खोडा ही दाट, अनियोजित वस्ती आहे. शेजारच्या वसाहतींत घरकाम व रुग्णांची देखभाल करणाऱ्या अनेक स्त्रिया अशाच वस्त्यांतून येतात. काही किलोमीटरच्या परिसरात वार्धक्याची तीन आर्थिक रूपे येथे शेजारी शेजारी नांदतात, आणि तिघांनाही लागणारी निगा मात्र एकच असते.

गरजेचे मोजमाप

२०११ च्या जनगणनेत ६० वर्षे व त्यावरील व्यक्तींची संख्या १०.३८ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. लोकसंख्या प्रक्षेपणविषयक तांत्रिक गटाच्या अंदाजानुसार ती २०२१ मध्ये सुमारे १३.८ कोटी झाली असून २०३१ मध्ये १९.४ कोटींच्या आसपास जाईल. परंतु निगेच्या अर्थकारणात वयापेक्षा परावलंबन महत्त्वाचे असते. ऐंशी वर्षांची व्यक्ती स्वतः बाजारात जाऊ शकते आणि पासष्टीतील व्यक्ती पक्षाघातामुळे अंथरुणाला खिळू शकते.

परावलंबन मोजण्याच्या दोन मोजपट्ट्या अभ्यासकांनी लक्षात ठेवाव्यात. पहिली मोजपट्टी दैनंदिन जीवनातील मूलभूत क्रियांची आहे. खाणे, आंघोळ, कपडे, शौच, अंथरुणातून उठणे आणि चालणे यांचा त्यात समावेश होतो. दुसरी साधनात्मक क्रियांची आहे. स्वयंपाक, खरेदी, पैशांचा व्यवहार, औषधे वेळेवर घेणे, दूरध्वनी करणे या गोष्टी तीत येतात. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या 'लासी' या दीर्घकालीन वार्धक्य अभ्यासाच्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरील सुमारे ७२ हजार व्यक्तींची पाहणी झाली. त्यानुसार ६० वर्षांवरील २४ टक्के व्यक्तींना किमान एका मूलभूत क्रियेत आणि ४८ टक्के व्यक्तींना किमान एका साधनात्मक क्रियेत अडचण येते. सुमारे ७५ टक्के वृद्धांना एक वा अधिक दीर्घकालीन व्याधी आहेत. एकट्याने राहणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ६ टक्के आहे. याचा अर्थ बहुसंख्य वृद्ध कुटुंबातच आहेत आणि निगेचा पहिला भार कुटुंबावरच पडतो.

एका पाळीचा हिशेब

खर्चाचा अंदाज येण्यासाठी एक साधे गृहीतक घेऊ. घरी येणाऱ्या परिचारकाची बारा तासांची एक पाळी ६०० रुपयांना पडते असे मानू. प्रत्यक्ष दर भाग, प्रशिक्षण आणि रुग्णाची अवस्था यांनुसार याहून कमी वा जास्त असू शकतो. येथे ही रक्कम केवळ मोजपट्टी म्हणून वापरली आहे. दिवसाची एक पाळी घेतल्यास महिन्याला १८,००० रुपये आणि दिवसरात्र दोन पाळ्या घेतल्यास ३६,००० रुपये होतात. डायपर, हवेची गादी, व्यायामतज्ज्ञाच्या भेटी आणि औषधे यांचा खर्च वेगळाच.

आता या मोजपट्टीवर निरनिराळी निवृत्तिवेतने ठेवून पाहू. केंद्र सरकारच्या निवृत्तांना सातव्या वेतन आयोगानंतर किमान मूळ निवृत्तिवेतन ९,००० रुपये असून त्यावर महागाई साहाय्य मिळते. वयाच्या ८० व्या वर्षी मूळ निवृत्तिवेतनात २० टक्के, ८५ व्या वर्षी ३० टक्के, ९० व्या वर्षी ४० टक्के, ९५ व्या वर्षी ५० टक्के आणि शंभरी गाठल्यावर १०० टक्के अतिरिक्त वाढ दिली जाते. समजा, कौशांबीत राहणाऱ्या एका निवृत्त अधिकाऱ्याचे मूळ निवृत्तिवेतन ३०,००० रुपये आहे. ८० व्या वर्षी त्यात ६,००० रुपयांची भर पडते आणि त्यात परिचारकाच्या दहा पाळ्या येतात. वाढत्या वयाबरोबर खर्च वाढतो हे तत्त्व मान्य करणारी ही तरतूद आहे, हे तिचे वैशिष्ट्य होय. तथापि ती गरजेला नव्हे, वयाला जोडलेली आहे. धडधाकट नव्वदीला ती मिळते आणि अंथरुणास खिळलेल्या सत्तरीला मिळत नाही.

साहिबाबादच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या कामगाराची स्थिती वेगळी आहे. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ खाली पात्र वेतनास सेवावर्षांनी गुणून ७० ने भागले असता मासिक निवृत्तिवेतन निघते. सप्टेंबर २०१४ पासून वेतनाची कमाल मर्यादा १५,००० रुपये झाली. सर्वसाधारण नियमानुसार ३५ वर्षांची अखंड सेवा धरली तरी ते ७,५०० रुपयांपलीकडे जात नाही. याच वर्षी किमान निवृत्तिवेतन १,००० रुपये करण्यात आले. या योजनेतील रक्कम महागाईशी निगडित नाही, हा मुद्दा परीक्षेच्या दृष्टीने जितका महत्त्वाचा तितकाच घरखर्चाच्या दृष्टीनेही. कमाल निवृत्तिवेतनातून साडेबारा पाळ्या आणि किमान निवृत्तिवेतनातून दोन पाळ्यासुद्धा पुऱ्या होत नाहीत.

तिसरी पायरी सामाजिक साहाय्याची आहे. राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाला, तेव्हा निराधार वृद्धांसाठी केंद्राचा वाटा दरमहा ७५ रुपये होता. २००६ मध्ये तो २०० रुपये झाला. नोव्हेंबर २००७ मध्ये योजनेस इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना असे नाव मिळाले आणि दारिद्र्यरेषेखालील ६५ वर्षांवरील सर्वांना ती लागू झाली. २०११ मध्ये वयोमर्यादा ६० वर आणून ८० वर्षांवरील व्यक्तींसाठी ५०० रुपये ठरविण्यात आले. ६० ते ७९ वयोगटासाठी केंद्राचा वाटा त्यानंतर २०० रुपयांवरच राहिला. औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक २००६ पासून तिपटीहून अधिक वाढला असल्याने या २०० रुपयांची क्रयशक्ती त्या वेळच्या साठ-पासष्ट रुपयांइतकी उरली आहे. उत्तर प्रदेश शासनाने डिसेंबर २०२१ मध्ये राज्याच्या वाट्यासह एकूण रक्कम १,००० रुपये केली. मोजपट्टीवर ती एक पाळी आणि आठ तास एवढी भरते.

राज्यांची सीमा ओलांडली की रक्कम बदलते, हे गाझियाबादमध्ये अधिक ठळकपणे दिसते. पलीकडच्या शाहदऱ्यात, दिल्ली सरकारने २०१७ मध्ये वृद्धापकाळ निवृत्तिवेतन ६० ते ६९ वयोगटासाठी २,००० आणि ७० वर्षांवरील व्यक्तींसाठी २,५०० रुपये केले होते. महाराष्ट्रात श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेची रक्कम २०२३ मध्ये १,५०० रुपये झाली. २०२४ मधील मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींना साहाय्यभूत साधनांसाठी ३,००० रुपये दिले जातात, पण ते एकदाच. चष्मा, काठी किंवा कमोड खुर्ची त्यातून घेता येते, माणूस ठेवता येत नाही. ही सारी रक्कम उत्पन्नाला आधार म्हणून दिली जाते आणि निगेचा खर्च हे तिचे उद्दिष्टच नाही, हे येथे ध्यानात घ्यावे लागेल.

न मोजलेले श्रम

वरील आकडे पाहता घरगुती निगा बहुतांशी विकत घेतली जात नाही, हे उघड आहे. ती घरातील स्त्री करते. सून, मुलगी आणि बहुतेक वेळा स्वतःच साठी ओलांडलेली पत्नी. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या कालविनियोग पाहणीत १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील सदस्यांच्या विनामोबदला निगेत सहभागी असल्याचे आढळले. पुरुषांमध्ये हे प्रमाण २१.४ टक्के होते. सहभागी स्त्रिया दिवसाला सुमारे १४० मिनिटे, तर सहभागी पुरुष ७४ मिनिटे या कामास देतात. यात मुलांचे संगोपनही येते. त्यामुळे संपूर्ण वेळ वृद्धांच्या नावे मांडता येणार नाही.

या श्रमांचे मूल्य काढण्याच्या दोन रीती आहेत. प्रतिस्थापन मूल्य पद्धतीत तेच काम बाहेरच्या व्यक्तीकडून करवून घेतल्यास काय खर्च येईल हे पाहतात. वरील उदाहरणात ते १८,००० रुपये होईल. संधिव्यय पद्धतीत निगा करणाऱ्या व्यक्तीने कोणते उत्पन्न सोडले ते मोजतात. नोएडातील २५,००० रुपयांची नोकरी सासूच्या आजारपणामुळे सोडणाऱ्या सुनेच्या बाबतीत हा आकडा २५,००० रुपये असेल. त्याखेरीज भविष्यनिर्वाह निधीतील खंड आणि पुन्हा नोकरी मिळण्यातील अडचण हे दीर्घकाळ पुरणारे नुकसान वेगळे. अशी स्त्री स्वतः वृद्ध होते तेव्हा तिच्या नावावर निवृत्तिवेतन नसते, म्हणजे एका पिढीच्या निगेचा खर्च पुढच्या पिढीच्या वार्धक्यावर चढतो. राष्ट्रीय लेख्यांच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार घरातल्या घरात स्वतःसाठी केलेल्या अशा सेवा स्थूल देशांतर्गत उत्पादनात धरल्या जात नाहीत. त्याच कामासाठी परिचारिका ठेवली तर मात्र उत्पादन 'वाढते'. हा विरोधाभास जुना आहे. त्याचा धोरणात्मक परिणाम असा, की कुटुंबाची निगा शासनाला फुकट भासते आणि जी वस्तू फुकट भासते तिच्या तुटवड्याकडे लक्ष जात नाही.

पैसे देऊन ठेवलेल्या परिचारकाची बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. महाराष्ट्रातील शहरांत ज्याला 'ब्युरो' म्हणतात तशा संस्था गाझियाबादमध्येही मनुष्यबळ पुरवितात. कुटुंबाने दिलेल्या रकमेतून संस्थेची दलाली वजा जाते. बारा तासांची पाळी, साप्ताहिक सुटीचा अभाव, आजारपणात खाडा झाल्यास बुडणारी मजुरी या अटींवर हे काम चालते. २०२० च्या टाळेबंदीत दिल्ली-गाझियाबाद सीमा बंद करण्यात आली तेव्हा ही व्यवस्था रोजच्या ये-जा करणाऱ्या माणसांवर किती अवलंबून आहे याचा प्रत्यय आला. घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ रोजी केंद्र सरकारला सुचविले. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली असून असंघटित कामगारांसाठी योजना करण्याची तरतूद तीत आहे. निगेचा दर वाढला तर मध्यमवर्गीय कुटुंबास तो परवडत नाही आणि न वाढला तर परिचारिका स्वतःच्या आईसाठी काही मागे ठेवू शकत नाही. हा पेच केवळ मागणी-पुरवठ्याने सुटणारा नाही. विल्यम बॉमोल यांनी १९६० च्या दशकात मांडलेल्या 'खर्चरोगा'च्या सिद्धांताचा संदर्भ येथे लागू पडतो. ज्या सेवेत माणसाचा वेळ हेच उत्पादन असते तिथे यंत्राने उत्पादकता वाढविता येत नाही. एका वृद्धाला घास भरविण्यास पन्नास वर्षांपूर्वी जितका वेळ लागे तितकाच आजही लागतो. इतरत्र वेतन वाढले की या सेवेचा खर्च सापेक्षतः वाढतच जातो.

बचत, घर आणि विमा

निगेचा खर्च स्वतःच्या बचतीतून करावा, असा एक सल्ला दिला जातो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतील ठेवीची मर्यादा एप्रिल २०२३ पासून १५ लाखांवरून ३० लाख रुपये झाली. ३० लाखांवर ८.२ टक्के व्याज धरल्यास महिन्याकाठी २०,५०० रुपये होतात. म्हणजे कमाल ठेव ठेवू शकणाऱ्या व्यक्तीलाही एका पाळीचे पैसे भागवून जेमतेम अडीच हजार उरतात. १९६१ च्या आयकर कायद्यातील ज्येष्ठांसाठीच्या वजावटी ज्यांचे उत्पन्न करपात्र होते त्यांच्याच उपयोगाच्या होत्या आणि त्यांची चर्चा येथे लांबविण्याचे कारण नाही.

घराचे मूल्य हा अधिक विचार करण्याजोगा स्रोत आहे. इंदिरापुरमसारख्या ठिकाणी अनेक वृद्ध 'मालमत्तेने संपन्न आणि रोखीने गरीब' असतात. यासाठीच २००७-०८ च्या अर्थसंकल्पात उलट तारण कर्जाची घोषणा झाली आणि राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. ६० वर्षांवरील घरमालक राहते घर तारण ठेवून बँकेकडून ठरावीक काळ हप्ते घेतो. त्याच्या व जोडीदाराच्या हयातीत घर सोडावे लागत नाही आणि पश्चात वारस कर्ज फेडून घर ठेवू शकतात किंवा बँक ते विकते. २००९ मध्ये आयुर्विम्याशी जोडून आजीव वर्षासनाचा प्रकारही आला. कागदावर ही योजना निर्दोष वाटते, परंतु तिचा प्रसार अत्यल्प राहिला. मुलांसाठी घर राखून ठेवण्याची भावना हे त्याचे नेहमी सांगितले जाणारे कारण अर्धसत्य आहे. राजधानी क्षेत्रात मालकी हक्काचा गुंता मोठा आहे. मुखत्यारपत्राद्वारे झालेल्या व्यवहारांनी मालकी हस्तांतरित होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला. अशा व्यवहारांवर घेतलेले घर बँक तारण कसे घेणार? नोंदणीकृत खत नसलेल्या सदनिकांचेही तेच.

तिसरा मार्ग विम्याचा. दीर्घकालीन निगेची गरज पडेल की नाही आणि पडल्यास किती वर्षे, हे व्यक्तीला आधी ठाऊक नसते, पण मोठ्या समूहात तिची संभाव्यता काढता येते. जोखीम वाटून घेण्यास हे आदर्श क्षेत्र ठरावे. तरीही खासगी बाजार येथे अपुरा पडतो. ज्यांना गरज पडण्याची शक्यता अधिक तेच विमा घेतात (प्रतिकूल निवड), आणि तरुणपणी चाळीस वर्षांनंतरच्या जोखमीसाठी हप्ता भरण्यास फारसे कोणी तयार नसते. शासकीय विम्याचा भर रुग्णालयावर आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षांवरील सर्व नागरिकांचा, उत्पन्नाची अट न ठेवता, समावेश झाला. ५ लाख रुपयांपर्यंतचे हे संरक्षण दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी असून घरी गेल्यावर १५ दिवसांपर्यंतचा उपचारोत्तर खर्च त्यात येतो. मांडीचे हाड मोडलेल्या वृद्धेची शस्त्रक्रिया विनामूल्य होते आणि सोळाव्या दिवसापासून तिला उठविणारे-बसविणारे कोण, हा प्रश्न घरच्यांकडे राहतो. अशा वेळी रुग्णाला लवकर घरी न नेण्याकडे कल वाढला तर खाट अडते आणि महागड्या सेवेने स्वस्त सेवेची जागा घेतली जाते. घरगुती निगेवर खर्च न करण्याचीही किंमत सार्वजनिक तिजोरी अशा रीतीने मोजत असते.

कायद्याचा आधार

राज्यघटनेच्या अनुच्छेद ४१ नुसार वार्धक्य, आजारपण व विकलांगता यांच्या प्रसंगी राज्याने आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत सार्वजनिक साहाय्याची तरतूद करावयाची आहे. हे मार्गदर्शक तत्त्व असल्याने त्याची थेट अंमलबजावणी न्यायालयामार्फत मागता येत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय वृद्धविषयक धोरणाने कुटुंब हाच निगेचा मुख्य आधार मानला. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ याने हीच भूमिका कायद्यात उतरविली. त्यानुसार न्यायाधिकरण मुलांकडून दरमहा कमाल १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह देववू शकते. निगा करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट न पाळल्यास, कलम २३ नुसार परत मिळविता येते. परंतु मुलगाच कंत्राटी कामगार असेल तर न्यायाधिकरणाचा आदेश पैसे निर्माण करू शकत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात कमाल मर्यादा काढून टाकण्याची आणि घरगुती निगा पुरविणाऱ्या संस्थांची नोंदणी व किमान मानके ठरविण्याची तरतूद होती. सतराव्या लोकसभेबरोबर २०२४ मध्ये ते व्यपगत झाले. त्यामुळे घरात येणाऱ्या परिचारकाच्या प्रशिक्षणाची हमी देणारी केंद्रीय कायद्याची चौकट त्यातून उभी राहू शकली नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये गाझियाबादच्याच एका कुटुंबाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे वेगळा मार्ग दिसला. अनेक वर्षे अंथरुणाला खिळलेल्या प्रौढ मुलाची घरी शुश्रूषा करणारे वयस्कर आईवडील खर्च व शक्ती दोन्ही संपल्याने न्यायालयात आले होते. त्या टप्प्यावर केंद्राने सादर केलेल्या अहवालाच्या आधारे, राज्य शासनाच्या साहाय्याने घरीच व्यायामतज्ज्ञ व आहारतज्ज्ञांच्या भेटी, परिचारिकेचे साहाय्य आणि विनामूल्य औषधे देण्याची व ते शक्य नसल्यास नोएडाच्या जिल्हा रुग्णालयात हलविण्याची व्यवस्था नोंदविण्यात आली. प्रकरणाचा पुढील प्रवास आणि त्यातील वैद्यक-नैतिक प्रश्न हा स्वतंत्र विषय आहे. येथे महत्त्वाचे ते एवढेच, की घरी दिलेल्या निगेचा खर्च ही शासनाची जबाबदारी असू शकते, हे तत्त्व त्या व्यवस्थेत अनुस्यूत होते. मात्र एका कुटुंबाला न्यायालयातून मिळालेली सेवा ही योजना होत नाही.

इतरत्र काय झाले

जर्मनीने १९९४ मध्ये कायदा करून १९९५ पासून सक्तीचा निगा-विमा सुरू केला. वर्गणी वेतनातून जाते. २०२५ मध्ये तिचा सर्वसाधारण दर ३.६ टक्के होता. परावलंबनाच्या पाच श्रेणी असून लाभार्थी सेवा किंवा रोख रक्कम यांपैकी निवड करू शकतो. रोख रक्कम सेवेच्या मूल्यापेक्षा कमी असूनही पुष्कळ कुटुंबे ती पसंत करतात, कारण ती घरच्या माणसाच्या हाती पडते. जपानने एप्रिल २००० पासून निगा-विमा आणला तो नेमक्या उलट विचाराने. तेथे रोख रक्कम दिली जात नाही, केवळ सेवा मिळते. रोख दिल्यास भार पुन्हा सुनेवरच राहील, असा आक्षेप तेथील चर्चेत घेतला गेला होता. निम्मा निधी करांतून, निम्मा ४० वर्षांवरील नागरिकांच्या वर्गणीतून येतो आणि विमाकर्ता नगरपालिका असते. इंग्लंडमध्ये साधनांची चाचणी आहे. २३,२५० पौंडांहून अधिक भांडवल असलेल्यास सर्वसाधारणपणे स्वतःचा खर्च स्वतः करावा लागतो, परंतु व्यक्ती स्वतःच्या घरी राहून निगा घेत असल्यास राहत्या घराचे मूल्य या चाचणीत धरत नाहीत. व्यक्तीच्या आयुष्यभरातील खर्चास ८६,००० पौंडांची मर्यादा घालण्याचा तेथील प्रस्ताव २०२४ मध्ये रद्द झाला. संपन्न देशांतही हा प्रश्न सुटलेला नाही, याची ही साक्ष आहे.

भारताला अधिक जवळचे उदाहरण केरळचे. २००८ च्या उपशामक शुश्रूषा धोरणानंतर तेथे स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निधीतून परिचारिका घरोघरी जाऊ लागल्या व स्वयंसेवकांचे जाळे त्यांना जोडले गेले. आठवड्यातून एखादी भेट पूर्णवेळ परिचारकाची जागा घेऊ शकत नाही. मात्र जखमा साफ करणे, मूत्रनलिका बदलणे, घरच्यांना शिकविणे ही कौशल्याची कामे पगारी हातांनी आणि उर्वरित कामे कुटुंबाने करणे, अशी विभागणी त्यातून शक्य होते.

तिजोरीचा अंदाज

लासीतील २४ टक्क्यांचे प्रमाण २०२१ च्या १३.८ कोटींना लावल्यास सुमारे ३.३ कोटी व्यक्ती होतात. प्रत्येकास दरमहा ३,००० रुपये निगा भत्ता द्यायचा ठरविल्यास वर्षाला सुमारे १.१९ लाख कोटी रुपये लागतील. ही रक्कम स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आत आहे. किमान एका क्रियेत अडचण असणाऱ्या साऱ्यांना भत्त्याची गरज नसते. तीव्र परावलंबी व अल्प उत्पन्न असलेल्या एक चतुर्थांश व्यक्तींपुरता तो मर्यादित ठेवल्यास खर्च सुमारे ३०,००० कोटींवर येतो. राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रमाची एकूण तरतूद २०२४-२५ मध्ये ९,६५२ कोटी रुपये होती, हे तुलनेसाठी पाहावे. तिप्पट वाढ लहान नव्हे. पण ३,००० रुपयांत पाचच पाळ्या येतात, हेही विसरता येत नाही. अशा भत्त्याचा उपयोग निगा विकत घेण्यापेक्षा निगा करणाऱ्या नातेवाइकास आठवड्यातून एक दिवस विसावा मिळावा यासाठी अधिक होईल. गाझियाबादमधील सून आठवड्यातून एक दिवस मोकळी होणे ही गोष्ट धोरणाच्या दृष्टीने क्षुल्लक मानण्याचे कारण नाही.

भत्त्याची कल्पना भारतीय व्यवस्थेला परकी आहे असेही नाही. सेवेमुळे पूर्ण विकलांगता आलेल्या व परिचराची सतत गरज असलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांना सतत परिचर भत्ता मिळतो. सातव्या वेतन आयोगानंतर तो दरमहा ४,५०० वरून ६,७५० रुपये झाला. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २४ मध्ये तीव्र साहाय्याची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी परिचर भत्त्याचा स्पष्ट उल्लेख आहे आणि कलम ३८ मध्ये ती गरज ठरविणाऱ्या मूल्यमापन मंडळाची तरतूद आहे. पक्षाघाताने एक बाजू गेलेली वा पार्किन्सनने ग्रासलेली वृद्ध व्यक्ती किमान ४० टक्के दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रास पात्र ठरत असेल, तर वयाचा वेगळा निकष न लावताही ती या कलमांच्या कक्षेत येते. अडचण प्रमाणपत्रापाशी सुरू होते. अंथरुणावरून उठू न शकणाऱ्या व्यक्तीला वैद्यकीय मंडळापुढे न्यायचे तर वाहन, दोन माणसे आणि एका दिवसाची मजुरी लागते. राष्ट्रीय वृद्ध आरोग्य निगा कार्यक्रमात (२०१०-११) अंथरुणास खिळलेल्या वृद्धांकडे गृहभेटी देण्याची योजना आहेच. त्याच भेटीत दोन्ही मोजपट्ट्यांवरचे मूल्यमापन करून त्याला कलम ३८ खालील अर्जाचा दर्जा दिल्यास, तूर्त नवा कायदा न करताही, कोणत्या घरात किती पाळ्यांची गरज आहे याची पहिली नोंद जिल्ह्याकडे तयार होऊ शकेल.